स्ट्राउस बाप-लेक आणि त्यांची ध्वनिमुद्रणं : थोरल्याला न्याय कधी?

तारषड्ज (धागाकर्ता)

दर १ जानेवारीला व्हिएन्ना फिलहार्मनिक वाद्यवृंदाची नववर्ष मैफल लावून बसणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. २०२५ मध्ये ‘ब्लू डॅन्यूब’ वॉल्ट्झ लिहिणाऱ्या धाकट्या योहान स्ट्राउसच्या जन्माला २०० वर्षं झाली. त्यानिमित्त जगभर त्याचं संगीत वाजलं आणि ते वाजायलाच हवं होतं. पण त्याच्याच नावाचा त्याचा बाप, थोरला योहान स्ट्राउस (१८०४-१८४९), आपल्याला भेटतो तो फक्त मैफल संपताना, टाळ्यांच्या ठेक्यावर, रादेत्स्की मार्चपुरता. माझं म्हणणं असं की थोरल्याचं संगीत कमी प्रतीचं म्हणून मागे पडलेलं नाही. त्याचं फारसं काही मुद्रितच झालं नाही. जे झालं ते बहुतेक त्याच्या संगीताला न झेपणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदात झालं. त्यामुळे तो आपल्याला नीट ऐकूच आलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. थोरला डॅन्यूबकाठच्या लिओपोल्डश्टाट भागातल्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. वडील नदीत बुडून गेले. पोराला बुकबाइंडरकडे उमेदवारीला घातलं, पण त्याचं चित्त व्हायोलिनमध्ये. योझेफ लानर नावाचा तरुण तेव्हा व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत दोन व्हायोलिन आणि गिटार घेऊन नाचाचं संगीत वाजवत असे. त्याच्याकडे हा व्हिओला वाजवायला गेला. १८२५ मध्ये लानरपासून वेगळा झाला आणि स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. त्याच वर्षी मुलगा, म्हणजे धाकटा योहान, जन्मला.

पुढच्या दहा-बारा वर्षांत या माणसाने काय केलं ते बघा. लोक नाचता नाचता ऐकत ते संगीत त्याने नुसतं ऐकण्याजोगं केलं. वादकांना शिस्त लावली. १८३७ मध्ये सगळा संच घेऊन पॅरिसला गेला. तिथे बेर्लियोझसारख्या फ्रेंच संगीतकाराने त्याच्या लयीच्या जाणिवेबद्दल वर्तमानपत्रात भरभरून लिहिलं. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी लंडनला. रेल्वे नीट सुरू व्हायच्या आधीच्या काळात घोडागाड्यांतून वाद्यं आणि माणसं घेऊन गावोगाव हिंडणं, रोज रात्री वाजवणं! त्या दौऱ्याने तो आजारी पडला, मरता मरता वाचला.

आणि हाच माणूस घरी म्हणतो की माझ्या पोरांनी संगीतात पडायचं नाही. मुलाने व्हायोलिन शिकलं ते चोरून, बापाच्याच वाद्यवृंदातल्या फ्रान्झ आमोन या वादकाकडे. आई आना मुलाच्या बाजूने उभी राहिली. नवरा तोवर दुसरा संसार थाटून बसला होता. १५ ऑक्टोबर १८४४ ला हियेत्झिंगच्या डोमायर कसिनोत मुलाने स्वतःचा वाद्यवृंद लोकांसमोर आणला. वय १८.

आता ध्वनिमुद्रणांकडे येतो. वाद्यवृंद संचालक कार्लोस क्लायबर यांच्या १९८९ आणि १९९२ च्या नववर्ष मैफली अनेकांच्या मते (माझ्याही) या संगीताची सर्वोत्तम मुद्रणं आहेत. दोन्हींची यादी काढून बघा. थोरल्याचं रादेत्स्कीखेरीज एकही काम नाही. धाकट्याचा भाऊ योझेफ आहे, घराबाहेरचा संगीतकार ऑटो निकोलाई आहे, बाप नाही. हे क्लायबर यांच्यापुरतं नाही, दशकानुदशकं साधारण असंच चाललं. मार्को पोलो कंपनीने धाकट्याचं समग्र संगीत १९८० आणि ९० च्या दशकांत ५२ सीडींवर आणलं. थोरल्याच्या रचनांना हात लागला तो त्यानंतर. स्लोव्हाकियातल्या झिलिना गावचा छोटा वाद्यवृंद, स्लोव्हाक सिन्फोनिएटा, आणि संचालक क्रिस्तियान पोलाक. त्या मालिकेच्या वीसहून जास्त सीडी आहेत. माझ्या मते थोरल्याची खरी ओळख तिथे होते.

तुम्ही काय ऐकता? थोरल्याचं रादेत्स्कीपलीकडचं काही ऐकलंय का? जरूर लिहा.

---

मीनल_एस

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. मला ब्लू डॅन्यूब आणि रादेत्स्की एवढंच माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर ते दोन वेगळ्या माणसांचं आहे हेही आत्ताच कळलं. कुठून सुरुवात करू?

---

ठेकेदार

मी तबल्याचा माणूस, पाश्चात्त्य संगीतातलं मला बेताचंच कळतं. पण व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमधल्या (जोडीने गिरक्या घेत नाचायचं संगीत) एका गोष्टीने मला धरून ठेवलंय, ती इथे मांडतो.

तीन मात्रांचा ठेका. पहिली मात्रा खर्जातली, डबल बास आणि चेलोची. दुसरी आणि तिसरी दुय्यम व्हायोलिन आणि व्हिओलांची. कागदावर तिन्ही सारख्या लांबीच्या. पण व्हिएन्नाचे लोक दुसरी मात्रा किंचित आधी टाकतात. पहिली मात्रा संपायच्या आत दुसरी येऊन पडते, मग तिसरीच्या आधी एक बारीकशी मोकळी जागा राहते. नाचणाऱ्याला त्या जागेत गिरकी घ्यायला मिळते. दादऱ्याचा ठेका वहीत लिहिला तर त्यात लचक नसते, ती वाजवणाऱ्याच्या हातात असते. तसंच हे.

आता ऐकून बघा. संचालक क्लेमेन्स क्राउस यांची १९५० च्या सुमाराची डेक्का कंपनीची मुद्रणं घ्या. आवाज जुना आहे, मोनो आहे, पण ती दुसरी मात्रा कुठेही मुद्दाम केल्यासारखी वाटत नाही. कधी जास्त पुढे, कधी जवळजवळ सरळ. चाल बदलली की लचकही बदलते. त्यानंतर इतर देशांतले मोठमोठे वाद्यवृंद ऐका. तिथे दुसरी मात्रा प्रत्येक आवर्तनात तेवढीच पुढे असते, मोजून मापून. दोन मिनिटांत कंटाळा येतो.

थोरल्याच्या संगीतात मला ही लचक जास्त उघडी ऐकू येते. वाद्यं कमी असल्यामुळे खालचा ठेका झाकला जात नाही.

---

प्राजक्त

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

थोरल्याला कमी मुद्रित केलं गेलं हे खरं. पण कारण तुम्ही म्हणता ते नाही. मुलगा बापापेक्षा फार मोठा संगीतकार होता, हे कारण आहे. थोरल्याचा वॉल्ट्झ म्हणजे छोटी प्रस्तावना, मग पाच चाली एकापुढे एक, आणि शेवटी उपसंहार. चाली गोड आहेत, पण एकमेकींशी त्यांचं फारसं नातं नाही. मुलाने तोच साचा घेऊन त्याचं काय केलं ते बघा. ‘एम्परर वॉल्ट्झ’ (ओपस म्हणजे रचनाक्रमांक ४३७, १८८९) सुरू होतो तो दबक्या पावलांच्या मार्चने, तीन मात्रांचा मागमूसही नाही. तो मार्च हळूहळू फुलतो, विरतो, एकटा चेलो पुढे येतो, आणि मग कुठे वॉल्ट्झ. शेवटी पुन्हा तो चेलो, मागे वळून पाहिल्यासारखा. ही सिंफनी लिहिणाऱ्याची बुद्धी आहे. ‘टेल्स फ्रॉम द व्हिएन्ना वूड्स’मध्ये तो मध्येच झिदर हे खेड्यातलं तारवाद्य आणतो आणि सगळा दिमाखदार वाद्यवृंद त्या एका वाद्यासाठी थांबतो.

ब्राह्म्ससारखा मोठा सिंफनीकार धाकट्याचा मित्र होता. ब्लू डॅन्यूबच्या सुरावटीखाली ‘दुर्दैवाने हे योहानेस ब्राह्म्सचं नाही’ अशी सही त्याने करून दिली, ती उगाच नाही.

शंभर उत्तम मुद्रणं केली तरी थोरला तिथवर पोचत नाही.

---

तारषड्ज

@प्राजक्त, ‘एम्परर वॉल्ट्झ’बद्दल तुम्ही लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मान्य. पण माझा दावा थोरला मुलापेक्षा मोठा आहे असा नाहीच. ४५ व्या वर्षी लोहितज्वराने गेलेल्या माणसाची तुलना मुलाच्या ६४ व्या वर्षीच्या कामाशी होते आहे, एवढं फक्त लक्षात घ्या. धाकटा ४५ व्या वर्षी गेला असता तर ‘एम्परर’ नसता, ‘डी फ्लेडरमाउस’ ही संगीतिकाही नसती.

आणि चालींचं एकमेकींशी नातं नाही म्हणता, तर ‘लोरेलाय-ऱ्हाइन-क्लँगं’ (ओपस १५४) ऐका. थोरल्याने १८४३ मध्ये केलेला वॉल्ट्झ. पहिली चाल सुरू होते तेव्हा खाली जवळजवळ काहीच नसतं, वरची ओळ एकटी चढत जाते आणि वळणावर थोडी रेंगाळते. त्या रेंगाळण्यात धाकट्याचा पुढचा सगळा वॉल्ट्झ आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

याचा पुरावा खुद्द मुलानेच दिलाय. डोमायरच्या त्या पहिल्या रात्री त्याचा स्वतःचा ‘झिनगेडिख्टं’ (ओपस १) लोकांनी पुन्हा पुन्हा, सांगतात की १९ वेळा, वाजवायला लावला. विजय पदरात पडलेला होता. बाप विरोधात, बापाचे चाहते सभागृहात. अशा वेळी या मुलाने शेवटी काय वाजवलं? बापाचा ‘लोरेलाय’. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असं वर्णन आहे. चतुराई होती की आदर, यावर चरित्रकार वाद घालोत. ज्याच्याशी सामना आहे त्याचीच चीज शेवटी घ्यायची, तर ती चीज तेवढी मोलाची वाटायला लागते.

---

माजोर्डेकर

गोंयांतून लिहितोय. आमच्याकडे वॉल्ट्झ काही परका नाही. ख्रिश्चन लग्नांत बँड आजही वॉल्ट्झ वाजवतो आणि वयस्कर जोडपी तेव्हाच उठतात. पॅरिश शाळांत पोरांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायची जुनी पद्धत होती, त्यातूनच पुढे मुंबईच्या नाचघरांना आणि फिल्म स्टुडिओंना वादक मिळाले.

म्हणून ठेकेदार यांचा प्रतिसाद फार पटला. नाचणाऱ्यांसाठी वाजवलेला वॉल्ट्झ आणि बसून ऐकणाऱ्यांसाठी वाजवलेला वॉल्ट्झ यांत फरक असतो. नाचणाऱ्यांसमोर वाजवताना वादकाची नजर पावलांवर असते. लय उगाच ओढली तर जोडपी अडखळतात. मैफलीत संचालक मनाला येईल तिथे थांबू शकतो. थोरला आयुष्यभर नाचणाऱ्यांसमोर वाजवत होता, त्यामुळे त्याचं संगीत फार ताणलेलं मला सहन होत नाही. विली बॉस्कॉव्स्कीचं मोजक्या वादकांचं पथक होतं, बॉस्कॉव्स्की आन्सांब्ल. व्हॅनगार्ड कंपनीसाठी त्यांनी लानर, थोरला स्ट्राउस आणि त्या काळचं बाकी नृत्यसंगीत मुद्रित केलंय. ते मिळालं तर सोडू नका. ते ऐकताना पाय जमिनीवर राहत नाहीत.

---

तारषड्ज

@माजोर्डेकर, बॉस्कॉव्स्कीचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं! व्हिएन्ना फिलहार्मनिकचा हा मुख्य व्हायोलिनवादक. क्राउस १९५४ मध्ये गेल्यावर नववर्ष मैफल त्याच्याकडे आली आणि १९५५ ते १९७९ अशी सलग २५ वर्षं राहिली. छडी नाही, हातात व्हायोलिन. मध्येच वादकांकडे वळून स्वतः चार आवर्तनं वाजवायची, मग व्हायोलिनच्या गजाने इशारा. दोन्ही स्ट्राउस असंच वाजवत. १९७९ ची शेवटची मैफल डेक्काने डिजिटल पद्धतीने मुद्रित केली.

---

अनघा देशस्थ

आपल्या मुंबईचे झुबिन मेहता कसे अजून कुणाला आठवले नाहीत? १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ अशा पाच नववर्ष मैफली त्यांनी केल्या. १९५४ मध्ये ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकायला गेले. म्हणजे ही लचक त्यांच्या कानावर त्याच गावात, विशीच्या आत पडली. त्यांच्या १९९० च्या मैफलीत मला जी ऊब वाटते ती संचालक कारायान यांच्या १९८७ च्या गाजलेल्या मैफलीतही नाही वाटत. (कारायान यांच्या मैफलीत कॅथलीन बॅटल यांनी गायलेलं ‘व्हॉइसेस ऑफ स्प्रिंग’ मात्र अप्रतिम, त्याबद्दल दुमत नाही.)

आणि बाप-लेकांचा विषय निघालाच आहे तर मेहली मेहतांचं नाव घ्यायलाच हवं. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी उभी केली. त्या तालमी बघत झुबिन मोठे झाले. क्लायबर यांचीही तीच गोष्ट. एरिख क्लायबर मोठे संचालक, स्ट्राउसच्या रेकॉर्ड त्यांनीही काढलेल्या, आणि मुलाने या धंद्यात पडू नये असं त्यांचं मत. मुलगा आधी रसायनशास्त्र शिकायला गेला होता!

---

नितीन_पुणे

रादेत्स्कीच्या टाळ्यांबद्दल कुणी लिहा ना. मला त्या आवडतात. त्या मैफलीत श्रोत्यांना तेवढाच एक सहभाग मिळतो. पण काही जाणकार नाकं मुरडतात.

---

प्राजक्त

@नितीन_पुणे, टाळ्यांपेक्षा त्या मार्चचा इतिहास अवघड आहे. मार्च ३१ ऑगस्ट १८४८ ला पहिल्यांदा वाजला. इटलीत कुस्तोत्साला फील्ड मार्शल रादेत्स्कीने जिंकलेल्या लढाईच्या सन्मानार्थ. त्या वर्षी व्हिएन्नात क्रांती चालू होती. बाप सम्राटाच्या बाजूचा, मुलगा विद्यार्थी आणि क्रांतिकारकांकडे झुकलेला. मुलाने ‘रेव्होल्यूशन मार्च’ केला, फ्रेंचांचं ‘मार्सेयेझ’ वाजवलं आणि पोलीस चौकशी ओढवून घेतली. एकाच घरात एकाच वर्षी दोन विरुद्ध मार्च.

पुढचा भाग आणखी बोचरा. नववर्ष मैफलीची परंपरा क्राउस यांनी नाझी राजवटीत सुरू केली. पहिली ३१ डिसेंबर १९३९ ला, १ जानेवारीची प्रथा १९४१ पासून. थोरल्याचे आजोबा बाप्तिस्मा घेतलेले ज्यू होते. तशी नोंद सेंट स्टीफन चर्चच्या १७६२ च्या विवाह नोंदवहीत होती. नाझींनी ती वहीच ताब्यात घेऊन नोंद गाळलेली प्रत तिच्या जागी ठेवली, म्हणजे स्ट्राउस ‘आपला’ म्हणून वाजवत राहता यावं. वर्षानुवर्षं ज्या वाद्यरचनेत रादेत्स्की वाजत होता ती लिओपोल्ड वेनिंगर यांची. ते नाझी पक्षाचे सदस्य होते. २०२० पासून फिलहार्मनिकने ती बाजूला ठेवून स्वतःची नवी प्रत वापरायला सुरुवात केली.

हे सगळं कळल्यावर संगीत ऐकू नये असं मी म्हणत नाही. पण आपण टाळ्या कशावर वाजवतो ते माहीत असावं.

---

तारषड्ज

@प्राजक्त, फार महत्त्वाचा प्रतिसाद. यात एक भर घालतो. संचालक निकोलाउस आर्नोनकूर यांनी २००१ च्या मैफलीची सुरुवातच रादेत्स्कीच्या मूळ प्रतीने केली. शेवटी नेहमीचा होताच. एकाच मैफलीत दोन्ही ऐकायला मिळतात. मूळ प्रत बरीच हलकी आहे, लष्करी कवायतीपेक्षा नाचाच्या जवळची. थोरल्यावर मोठ्या वाद्यवृंदाची किती पुटं चढली आहेत हे त्या दोन मुद्रणांत सरळ कळतं. आर्नोनकूर व्हिएन्नात वर्षानुवर्षं चेलो वाजवत होते, त्यामुळे हे संगीत त्यांना आतून ठाऊक होतं.

---

कागदपत्रे

मूळ प्रत कशी मिळाली, हा प्रश्न कुणाला पडला नाही का? स्ट्राउस वाद्यवृंदाचं ग्रंथालय जळालेलं आहे.

धाकट्या योहानचा सगळ्यात लहान भाऊ एडुआर्ड, वाद्यवृंदाचा शेवटचा संचालक. त्याने १९०७ मध्ये वाद्यवृंदाकडच्या सगळ्या हस्तलिखित प्रती एका कारखान्याच्या भट्टीत घालून जाळल्या. भट्टीसमोर खुर्ची टाकून बसला आणि तासन् तास गठ्ठ्यांमागून गठ्ठे आत जाताना पाहत राहिला. त्यात बापाचं, दोन्ही भावांचं, स्वतःचं आणि इतर संगीतकारांचंही काम होतं. आपल्या मागे कुणी ते स्वतःच्या नावावर खपवू नये, अशी भावांमधली जुनी बोली होती असं त्याने सांगितलं. योझेफ आणि योहान दोघेही तेव्हा हयात नव्हते, त्यामुळे ते खरं की कसं हे कुणाला विचारणार?

हे वाचून मला आजही कसंतरी होतं.

त्यामुळे आज जे मुद्रित होतं ते छापील वाद्यप्रती, इतर वाद्यवृंदांकडे गेलेल्या नकला आणि पियानोसाठी छापलेल्या आवृत्त्या यांवरून. थोरल्याच्या समग्र कामाची पियानो आवृत्ती १८८९ मध्ये ब्राइटकॉफ उंट हेर्टेलने सात खंडांत काढली. संपादक कोण? धाकटा योहान. ज्या वर्षी ‘एम्परर वॉल्ट्झ’ केला त्याच वर्षी तो बापाच्या प्रती तपासत बसला होता. जिथे वाद्यप्रती मिळत नाहीत तिथे आजच्या संपादकाला पियानोच्या ओळींवरून वाद्यरचना पुन्हा बांधावी लागते. पोलाक यांच्यासारख्या माणसांचं मुद्रण म्हणून जपून ठेवण्यासारखं आहे. ते नुसते संचालक नाहीत, प्रती शोधून उभ्या करणारेही आहेत.

---

तारषड्ज

@कागदपत्रे, १८८९ चा हा योग माझ्या लक्षातच आला नव्हता. @प्राजक्त, ‘एम्परर’मध्ये मागे वळून पाहणाऱ्या चेलोबद्दल तुम्ही लिहिलंत, आणि त्याच वर्षी बापाचे खंड! दोन्हींचा संबंध आहे असं सिद्ध करता येणार नाही, पण आता तो वॉल्ट्झ मी या माहितीशिवाय ऐकू शकणार नाही.

---

प्राजक्त

मीसुद्धा नाही.

‘लोरेलाय’ काल रात्री पोलाक यांच्या मुद्रणात ऐकला. पहिल्या चालीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिसऱ्या-चौथ्या चालीत मन रमलं नाही. मोठा संगीतकार कोण याबद्दल माझं मत तेच आहे, पण ‘तिथवर पोचत नाही’ हे वाक्य आज मी लिहिलं नसतं.

---

ठेकेदार

छोटे संच आवडणाऱ्यांसाठी एक सुचवतो. २७ मे १९२१ ला व्हिएन्नात आधुनिक संगीतकार शोनबर्ग आणि त्याचे शिष्य बेर्ग, वेबर्न यांनी धाकट्याचे वॉल्ट्झ पियानो, हार्मोनियम आणि चार तंतुवाद्यांसाठी बसवून वाजवले. त्यांच्या संस्थेला पैसे हवे होते म्हणून. शोनबर्गने ‘रोझेस फ्रॉम द साउथ’ घेतला, बेर्गने ‘वाइन, विमेन अँड साँग’. बॉस्टन सिंफनी चेंबर प्लेअर्सचं मुद्रण मिळतं. हार्मोनियमचा सूर वॉल्ट्झमध्ये ऐकून आपल्या कानाला घरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

---

मीनल_एस

इतकं वाचून झालं, पण माझा पहिला प्रश्न तसाच आहे :) कुठून सुरुवात करू?

---

तारषड्ज

@मीनल_एस, उशीर झाला. आधी क्लायबर १९८९ मधला ब्लू डॅन्यूब. सुरुवातीला व्हायोलिनचा नुसता थरथराट ऐकू येईल, त्यावर हॉर्न. तेवढ्यात लोक टाळ्या वाजवतील, संगीत थांबेल, नववर्षाच्या शुभेच्छा होतील आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ती प्रथाच आहे, मुद्रणातला दोष नव्हे. त्यानंतर लगेच पोलाक यांचा ‘लोरेलाय’, मध्ये दुसरं काही न ऐकता. मग आर्नोनकूर २००१ मधले दोन रादेत्स्की. हलकंफुलकं हवं असेल तेव्हा थोरल्याचा ‘झॉयफ्त्सर गालोप’ (ओपस ९). त्यात वादक वाजवता वाजवता तोंडाने उसासे टाकतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हाच आधी ऐकवा.

‘एम्परर’ मात्र शेवटी ठेवा. आणि ऐकून झालं की इथे लिहा, प्राजक्त आणि मी दोघेही वाट बघतोय.